सुईची राखण

मी रागीट आहे, हे मला सोडून आमच्या घरात सगळ्यांना मान्य होतं. खालापूरला वडील पाहुण्यांना बजावून ठेवत, "मुलगी फिजिक्सची एम.एस्सी. आहे, जरा जपून बोला." एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे मला मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि पहिलंच काम मिळालं ते कर्जत तालुक्यात, कडावच्या पुढच्या एका खेड्यात. मुंबईला जाणार म्हणून गावभर सांगून झालं होतं, आणि मी निघाले घाटाच्या पायथ्याशी. वडिलांना हसू आवरेना. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

काम होतं चुंबकीय वादळ पकडायचं. ऐकायला भयंकर वाटतं, पण या वादळात झाडाचं पानही हलत नाही. सूर्यावरून कधीकधी विद्युतभारित कणांचा लोंढा निघतो. अशा कणांच्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला एरवी बाहेरच्या बाहेर वळवतं, पण लोंढा जोराचा असला की रात्रीच्या बाजूने बराच प्लाझ्मा आत, पृथ्वीच्या जवळ ढकलला जातो. आत आला की तो पृथ्वीभोवती फिरायला लागतो. धन कण पश्चिमेकडे जातात, ऋण कण पूर्वेकडे, आणि दोघांचा मिळून विषुववृत्ताच्या वर, फार उंचावर, विजेचा एक प्रवाह तयार होतो. या प्रवाहाचं चुंबकत्व पृथ्वीच्या उलट असतं. त्यामुळे आपल्याकडे जमिनीवर, चुंबकाच्या सुईला उत्तरेकडे खेचणारी ओढ काही तास कमी होत जाते आणि मग काही दिवसांत सावकाश पूर्ववत होते. मोठ्या अवकाशातली ती सगळी पळापळ एका बारक्या सुईच्या थरथरण्यावरून ओळखायची, एवढंच माझं काम. मला ते तेव्हाही जगातलं सर्वांत सुंदर काम वाटायचं आणि आजही वाटतं.

किनाऱ्यावर एक मोठी वेधशाळा होती, तिथे अशा नोंदी वर्षानुवर्षं होत. आमच्या सरांना पाहायचं होतं, की एकच वादळ समुद्राकाठी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी सारखंच दिसतं की वेगळं. त्यासाठी रेल्वेच्या विजेच्या तारांपासून लांबची जागा हवी होती. उपकरण सरांनी कुणाकुणाच्या विनवण्या करून मिळवलेलं होतं. ते मला सोपवताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "शिमग्यापर्यंत एक स्वच्छ वादळ आणून दाखवा. नाही मिळालं तर उपकरण परत जाईल, आणि तुमच्यासाठी माझ्याकडे दुसरं काम नाही." वडिलांनी तोवर खालापूरच्या मुलींच्या शाळेत भूगोलाची जागा माझ्यासाठी हेरून ठेवलेलीच होती. म्हणजे एकीकडे आकाश आणि दुसरीकडे सातवी ब.

उपकरणासाठी खोपी बांधली ती मावशीच्या अंगणापुढच्या खळ्यात. मावशी म्हणजे माझी घरमालकीण. ठेंगणी, तोंडाची फटकळ, कायम काहीतरी पाखडत नाहीतर निवडत बसलेली. तिचे यजमान, ज्यांना मी काका म्हणे, भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते आणि रोज सायकलने जात-येत. खोपीत लोखंड औषधालाही चालणार नव्हतं, कारण जवळच्या लोखंडाने सुई हलते. गावातल्या लोकांना यात काहीच अवघड वाटलं नाही. कारवीचा कूड, वर पेंढा, काथ्याने बांधलेले वासे, खिळ्याऐवजी लाकडी खुंट्या. शहरातल्या सुताराने ह्या कामाला महिना घेतला असता आणि एक खिळा विसरून ठेवला असता.

आत पूर्ण अंधार. बारीक धाग्याला टांगलेली चुंबकाची सुई, तिला चिकटवलेला आरशाचा तुकडा, त्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका, आणि तो ठिपका ज्यावर पडे तो फोटोचा कागद, घड्याळाच्या यंत्राने सावकाश फिरणारा. रोज सकाळी कागद बदलायचा, लाल दिव्यात धुवायचा, की आदल्या दिवसाची रेषा दिसे. शिवाय कुडाला बाहेरून एक लहानशी दुर्बीण होती. तिच्यातून, त्या ठिपक्याच्या उजेडात, आतल्या मोजपट्टीवरचा आकडा मधूनमधून पाहता येई. मी केसातले आकडे आणि पदराची पिन सोडून दिली आणि पदर खोचून वावरू लागले. सुईपाशी जोरात बोलायचं नाही, दार उघडं टाकायचं नाही, वारा येऊ द्यायचा नाही. मावशी हे सगळं बघत होती. काही बोलत नव्हती, आणि मावशी बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, हे कळायला मला वेळ लागला.

एकदा ती भात पाखडत असताना मी तिला प्लाझ्मा समजावला. म्हटलं, "वारा एकच असतो, पण फोल एकीकडे उडतं आणि दाणा दुसरीकडे पडतो. वर पण तसंच होतं. एका जातीचे कण मावळतीकडे, दुसऱ्या जातीचे उगवतीकडे."

"म्हंजी वरती बी कुनीतरी सूप धरलंय," मावशी म्हणाली.

"आणि त्यांचा मिळून पृथ्वीच्या कमरेला करगोटा तयार होतो. तो जाड झाला की सुईची ओढ कमी होते."

"मंग सैल करायचा ना."

"तो आपोआप सैल होतो, चार दिवसांत."

मावशीने सूप झाडलं. "पोराचा बी तसाच. पोर वाढतं नि करगोटा तुटतो." हा पाठ तिला पक्का कळलाय असं मला वाटलं. कळला होताच, पण तिच्या पद्धतीने.

कार्तिकात एके दिवशी कागद धुतला आणि मी ओरडलेच. रेषा सकाळी धाडकन खाली गेली होती, दिवसभर खालीच राहिली होती आणि संध्याकाळी पुन्हा वर आली होती. वादळ! थोडं चमत्कारिक होतं खरं, खरं वादळ इतक्या लवकर निवळत नाही. पण आनंदात माणसाला खोट दिसत नाही. मी सरांना पत्र टाकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच, तशीच घसरण. सूर्य स्वतःभोवती फिरत साधारण महिन्याभराने तोच चेहरा आपल्याकडे वळवतो, त्यामुळे काही वादळं महिन्याने परत येतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मी सरांना दुसरं पत्र टाकलं, जरा ऐटीतच. माझं वादळ परतीचं निघालं होतं.

सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. किनाऱ्यावर दोन्ही दिवशी रेषा सरळ होती, काहीही घडलेलं नव्हतं. खाली त्यांनी सहज विचारलं होतं, की दोन्ही दिवशी अमावास्या होती, तुमच्याकडे वादळं पंचांग बघून येतात का?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पौषातली अमावास्या आली तेव्हा मी भल्या पहाटेच दुर्बिणीला डोळा लावून बसले. उजाडता उजाडता खोपीमागून पावलं वाजली आणि मोजपट्टीवरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत सरकायला लागला. मी उठून खोपीच्या मागे गेले. मावशी उकिडवी बसून कुडाच्या बुडाशी पेंढ्यात काहीतरी खोचत होती. काकांचा कोयता. चांगला हातभर लांब, दगडावर नुकताच पाजवलेला.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, आत कोन हाय? नाजूक जीव हाय. त्याला वारा चालत नाय, उजेड चालत नाय, मोठ्यानं बोललेलं चालत नाय. बाळंतिणीची खोली याच्याहून काय येगळी असते? आनि आवसंला बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवल्याबिगर कुनी ऱ्हातं? तुमी शिकलेल्या, तुमी इसरला. मी नाय इसरले."

गेले तीन महिने ती माझ्या सुईची राखण करत होती, आणि दर अमावास्येला सकाळी कोयता खोचून, संध्याकाळी काढून घेऊन मला एक वादळ करून देत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. मावशी आधी फुरंगटली, मग तीही हसायला लागली, पण कोयता काही हातातून ठेवला नाही. मी तिला सांगितलं, की ह्या बाळाचं उलटं आहे, ह्याला लोखंडाचीच दृष्ट लागते.

हे तिला लगेच पटलं. आणि पटल्यावर मावशी ज्या उत्साहाने कामाला लागली, तो पाहून मला कोयताच बरा वाटू लागला. पाणंदीच्या तोंडाशी एक चिंच होती, खोपीपासून चांगली लांब. मावशीने ठरवलं की लोखंड चिंचेच्या आत यायचं नाही. शेतावर जाणारे लोक कमरेच्या आकडीतले कोयते चिंचेला अडकवून पुढे येऊ लागले. काकांची सायकल तिथेच, पोस्टमनची सायकलही तिथेच. बैलगाड्या चाकाच्या लोखंडी धावेपायी शेतातून वळसा घालून जात. एका लग्नाच्या बोलावण्याला आलेल्या पाहुण्याच्या वहाणांना खिळे आहेत म्हणून मावशीने त्याला अनवाणी अंगणात आणलं आणि वर चहा पाजला. चिंच लांबून खाटकाच्या दुकानासारखी दिसायची. मी दहादा सांगितलं की इतकं नको, लांबच्या वस्तूने काही होत नाही. मावशी म्हणायची, "तुमी बाळाची आई. आईला घाई असते. आजीनं बघावं."

ती खरीच आजी होणार होती. तिची लेक पहिलटकरीण, पौषात बाळंतपणाला माहेरी आली होती. गोड, अबोल पोरगी. तिचे दिवस भरत आले तसा शिमगाही जवळ येत चालला, आणि माझी रेषा रोज दुपारी नेमाने थोडी चढायची, संध्याकाळी उतरायची, आणि बाकी ढिम्म. सूर्याला काही पडलेलीच नव्हती. वडिलांचा निरोप आला की शाळेच्या बाईंनी विचारलंय. मला रात्री झोप लागेना. आपण हरणार आणि तेही काही चूक न करता, याचा फार संताप यायचा.

होळी आठवड्यावर आली होती. त्या सकाळी मी सवयीने दुर्बिणीतून पाहिलं तर आकडा एकदम वर उडालेला. मी पहिल्यांदा खोपीला फेरी मारली. पेंढ्यात हात घालून पाहिलं. मग मावशीकडे गेले. ती भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठात. काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं. वादळाची सुरुवात अशीच होते, लोंढा येऊन आदळला की रेषा आधी वर जाते, मग खरी उतरण लागते. दुपारी आकडा उतरायला लागला. दर वेळी पाहावं तर आणखी खाली. वर, कुठेतरी फार उंचावर, प्लाझ्मा आत घुसून फिरायला लागला होता, पृथ्वीच्या कमरेचा करगोटा जाड होत होता, आणि ते ह्या पेंढ्याच्या खोपीला कळत होतं. मी जेवले नाही. मी रडायच्या बेतात होते.

त्याच दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. हे मला माहीत होतं, पण घरात सुईण होती, बायका होत्या, आणि पहिलटकरणीला वेळ लागतोच असं सगळ्या म्हणत होत्या. सुईणीने पाहिलं आणि काकांना कर्जतला डॉक्टरांकडे पिटाळलं, हे मला कुणी सांगितलं नाही. उन्हं कलताना घरात आवाज वाढले म्हणून मी दुर्बीण सोडून गेले. डॉक्टर घामाघूम होऊन ओसरीवर उभे होते. त्यांनी आत तपासलं होतं. बाळाचे पाय आधी आले होते, इथे जमणार नव्हतं, कर्जतला दवाखान्यात लगेच न्यायला हवं होतं. चार गडी खाट उचलायच्या तयारीत होते.

"खाट कशाला?" मी विचारलं. "तुम्ही जीप आणली ना?"

डॉक्टर चिडलेलेच होते. "जीप त्या चिंचेखाली आहे. ह्या बाई आडव्या उभ्या राहिल्या. मला तिथून चालत आणलं."

मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. लेकीच्या कण्हण्याने ती उभ्या उभ्या हलत होती. "खाटेवरनं चिंचंपातूर नेऊ," ती म्हणाली. "कितीसं हाय. बाई, तुमची सुई उतरतीय न्हवं? सकाळधरनं तुमी जेवल्या नाय. मी बघते ना."

मला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणाचा आला तेही कळत नव्हतं. "सुई गेली खड्ड्यात, मावशी!" असं मी म्हणाले आणि चिंचेकडे पळत सुटले. ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि जीप पाणंदीतून थेट अंगणात घेऊन आले. वाट खोपीला घासूनच जात होती. तिथून जाताना मी मान दुसरीकडे फिरवली. अख्ख्या वादळाच्या ऐन मध्यावर एवढं लोखंड मी स्वतः सुईच्या दारात आणलं होतं. लेकीला आत घेतलं, मावशी चढली, मीही चढले, आणि आम्ही निघालो.

कर्जतच्या दवाखान्याच्या पायरीवर मावशी आणि मी बसून होतो. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या दोन बांगड्या पिचल्या. मग आतून रडण्याचा आवाज आला, भरघोस, भांडखोर. मुलगी झाली होती, पायाळू, आणि दोघी सुखरूप होत्या. मावशी पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून तिने मला पहिला प्रश्न विचारला, "सुई बरी असल ना, बाई?"

आता रडायची पाळी माझी होती.

सकाळी आम्ही परत आलो तर काका चिंचेखाली मुंडासं उशाला घेऊन पडलेले. संध्याकाळपासून त्यांनी कुणालाही पुढे जाऊ दिलं नव्हतं. एक बैलगाडीवाला त्यांच्याशी भांडून परत गेला होता. मी खोपीत गेले, कागद काढला आणि लाल दिव्यात धुवायला घेतला. रेषा हळूहळू उमटली. सकाळची उडी, मग ती लांबच लांब उतरण, कागदाच्या तळापर्यंत, आणि तिथून वर यायची सावकाश सुरुवात. असं देखणं वादळ मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. फक्त उतरणीच्या मधोमध, जिथे ती सर्वांत सुबक होती, तिथे एक काळा वेडावाकडा दात होता. जीप आली आणि गेली त्याचा.

सर बारशाच्या दिवशी आले. मावशीने आग्रहाचं बोलावणं धाडलं होतं, आणि सरांना कागद पाहायचा होता. एस.टी.च्या धक्क्यांनी त्यांच्या पाठीत उसण भरली होती, ते वाकडेच चालत आले. मावशीने त्यांना बसूही दिलं नाही. पायाळू पोराचा पाय लागला की उसण जाते, हे सगळ्यांना माहीत होतं, सरांना सोडून. तिने नातीला दोन्ही हातांत धरलं आणि तिची इवलीशी टाच सरांच्या कोटावर तीनदा टेकवली. सर सभ्य गृहस्थ होते, म्हणाले, बरं वाटतंय. पुढे तासभर ते पाठ धरायचं विसरून गेले हे मात्र मी पाहिलं.

मग त्यांनी किनाऱ्यावरचा कागद पिशवीतून काढला आणि माझा त्याच्याखाली चटईवर पसरला. दोन रेषा एकीखाली एक, बहिणी-बहिणींसारख्या. सर बराच वेळ वाकून पाहत राहिले. माझी सातवी ब त्या चटईवर ठरणार होती. शेवटी त्यांचं बोट त्या दातावर जाऊन थांबलं.

"इतकी सुंदर रेषा, आणि हे काय मध्येच?"

मी सांगितलं. जीप, चिंच, खाट, सगळं. मावशी पलीकडे पाळण्याशी नातीला काजळ घालत होती. तिने मान वर केली, उठून आली आणि कागदाकडे निरखून पाहिलं.

"एवढं देखनं हाय, साहेब," ती म्हणाली, "तीट नको व्हय त्याला?"

मी हात धरायच्या आत तिने काजळाचं बोट त्या दाताशेजारी टेकवलं. मी सरांकडे पाहिलं. सर हसत होते. कागदाची सुरळी करताना त्यांनी तो ठसा पुसला जाऊ नये म्हणून आत माझा रुमाल ठेवला, आणि म्हणाले की खोपी पुढच्या शिमग्यापर्यंत तरी राहू द्या.

मावशी तोवर पाळण्याकडे वळली होती. त्याच बोटाला उरलेली तीट तिने मग नातीच्या गालाला लावली.